चौदा कलाकार आणि एक इसम

"कलाकार किती लिहू?" बाहुलीवाल्याने विचारलं.

"चौदा," बायको सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली.

अनुदानाच्या अर्जातला प्रश्न साधा होता आणि उत्तर मनापासून दिलेलं होतं. त्या घरात कळसूत्री बाहुल्यांना बाहुल्या म्हणायची पद्धतच नव्हती. 'कलाकार वाळत घातलेत, खिडकी लावा', 'कलाकारांना वाळवी लागलीय वाटतं', असंच बोलणं चाले. दोऱ्या ओढणारा नवरा आणि सगळ्यांचे आवाज काढणारी बायको, आपणही कलाकार असू शकतो हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. 'अर्जदार' या शब्दापुढे सही ठोकून तो अर्ज देऊन आला.

अनुदान मिळालं नसतं तर खेळ बंद करावा लागला असता. शाळांनी बोलावणं सोडून दिलं होतं, आणि मेहुण्याने आपल्या फरशांच्या दुकानात त्याच्यासाठी एक खुर्ची राखून ठेवली होती. दर रविवारी फोन करून तो त्या खुर्चीची खुशाली कळवत असे.

महिन्याभराने पाहणी अधिकारी आले. बसायच्या आधी त्यांनी फाइल उघडली.

"कलाकारांना बोलवा."

बाहुलीवाल्याने पेटी उघडली. अधिकाऱ्यांनी आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"या बाहुल्या आहेत."

"जरा हळू बोला," बायको म्हणाली.

"अहो, पण इथे चौदा कलाकार लिहिलंय!"

"चुकलंच साहेब," बाहुलीवाला घाईघाईने म्हणाला. "खोडून दोन करा. मी आणि ही."

"दोन चालत नाहीत. किमान दहा लागतात." अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. "शिवाय समितीने चौदा कलाकारांना तत्त्वतः मान्यता दिलीय. आता मी कळवलं की ही माणसंच नाहीत, तर समितीने मान्यता कशाला दिली, असा प्रश्न निघेल."

"मग काय करायचं हो?"

"मग तो न निघालेला बरा. हजेरी घेऊ. राजा!"

बाहुलीवाल्याने राजाचा हात वर केला.

"तोंडाने बोलायचं."

"हजर," बायको घोगऱ्या आवाजात म्हणाली. अधिकाऱ्यांनी खूण केली.

"राणी. वय?"

"बारा वर्षांपूर्वी शिवलीय," बाहुलीवाल्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

"बारा? म्हणजे बालकलाकार. शाळेचा दाखला लागेल."

"सत्तावीस लिहा," बायको म्हणाली. "यांना बायकांची वयं कधी कळली नाहीत."

वाघाशी गाडी अडली. वनखात्याची परवानगी हवी, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. वाघ कापडाचा असल्याचं बाहुलीवाल्याने उलटा करून दाखवलं, तेव्हा 'स्वभावाने गरीब' असा शेरा मारून त्यांनी तो विषय मिटवला. कोळीण मात्र गैरहजर निघाली. ती गुडघ्याच्या कामासाठी सुताराकडे गेली होती.

"आजारपणाचा दाखला आणा."

सुताराने दाखला लगेच दिला. 'डावा गुडघा नवीन बसवला आहे. रंग वाळेपर्यंत नाचू नये.'

शेवटी खेळ झाला. चोर राजाच्याच पलंगाखाली लपतो तिथे अधिकारी चक्क हसले, मग सावरून बसले आणि पानभर काहीतरी लिहीत राहिले.

"काम उत्तम आहे," निघताना ते म्हणाले. "फक्त राणी जरा कमी पडते."

"घसा बसला होता तिचा," बायको फणकारली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. अनुदान मंजूर! बाहुलीवाल्याने बायकोला हाक मारली, पेटीचं झाकण उघडून चौदाही जणांना बातमी दिली आणि मग पत्राचा खालचा भाग वाचला.

'पाहणीदरम्यान एक इसम कलाकारांच्या हातापायांना दोऱ्या बांधून त्यांना मनाविरुद्ध हलवताना आढळला. सदर इसमाचे नाव कलाकारांच्या यादीत नाही. अनुदानित संस्थेत कलाकारांवर कोणतीही जबरदस्ती खपवून घेतली जाणार नाही. त्यास तात्काळ दूर करावे. समिती स्वतः प्रयोग पाहून खात्री करेल, त्यानंतरच अनुदान देण्यात येईल.'

तो तडक कार्यालयात गेला.

"साहेब, तो इसम म्हणजे मीच!"

"म्हणजे कबूल करताय?" अधिकाऱ्यांनी दार लोटून घेतलं. "मी ऐकलं नाही असं समजा."

"अहो, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय! मी दोरी सोडली तर ते हलतील कसे?"

"मी जे पाहिलं ते लिहिलं. दोऱ्या होत्या, दोऱ्या लिहिल्या. यापुढे समिती आणि तुमचे कलाकार बघून घेतील."

"माझं नाव यादीत घाला ना."

"मग पंधरा होतात. मान्यता चौदांना आहे."

घरी दोघांनी खूप विचार केला. प्रयोग केला तर अनुदान जाणार होतं आणि अनुदान घेतलं तर प्रयोग. शेवटी बायको कात्री घेऊन बसली. एकेक दोरी कापताना तिने एकाचाही आवाज काढला नाही.

समितीच्या दिवशी पडदा वर गेला. रंगमंचावर चौदा कलाकार पडले होते, जो जसा ठेवला तसा. राजा पालथा होता, वाघाचं शेपूट राणीच्या तोंडावर आलं होतं. कोळिणीचा नवा गुडघा दिव्यात चकाकत होता. बाहुलीवाला आणि बायको चौथ्या रांगेत प्रेक्षक म्हणून बसले होते. वीस मिनिटं कुणीही हललं नाही, समितीसुद्धा. मध्येच राजाचा मुकुट घरंगळून खाली आला, तेव्हा अध्यक्षबाईंनी श्वास रोखला.

"केवढा संयम!" त्या पुटपुटल्या. "आणि तो मुकुट पडतो तो क्षण!"

अधिकारी मागे वळून बाहुलीवाल्याकडे झुकले. "बघितलंत? जबरदस्ती नसली की कलाकार कसा खुलतो." मग फाइलमध्ये 'दोऱ्या' या शब्दापुढे त्यांनी 'नाहीत' असं लिहिलं.

पडदा पडला. अध्यक्षबाई उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या, म्हणून सगळी समिती उभी राहिली. बायकोने कोपराने ढोसलं, तसा बाहुलीवालाही उठला आणि टाळ्या वाजवू लागला. हात नाहीतरी रिकामेच होते.