मान हलवायची नाही

"मेळ्याच्या रविवारी नेब्रास्काहून माणूस येतोय. डीकनला न्यायला," ऑर्व्हल म्हणाला आणि पुन्हा बशीतल्या अंड्याकडे वळला.

लॉर्नाच्या हातातली कॉफीची किटली तशीच अधांतरी राहिली. धक्का दोन गोष्टींचा होता. एक म्हणजे त्यांचा घोडा, डीकन, जाणार होता. दुसरी म्हणजे ऑर्व्हल टिबेट्स एका दमात सात शब्द बोलला होता.

ऑर्व्हल बोलत नसे. मान हलवत असे. हनुवटी एकदाच, झटकन खाली, झालं. पाव हवा का, मान. पाऊस येईल का, मान. चौतीस वर्षांपूर्वी लग्नाचं लॉर्नानेच विचारलं होतं, तेव्हाही त्याने मानच हलवली होती. वायोमिंगच्या त्या मोकळ्या माळावर वारा इतका बोलतो, की घरात एक माणूस गप्प असला तर बरं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. पण समजूत ती समजूतच. कधीतरी आपल्या एखाद्या गोष्टीला त्याने तोंडाने 'छान' म्हणावं, एवढीच तिची इच्छा चुलीवरच्या आधणासारखी मंद मंद उकळत राहिली होती.

त्याचा धंदाही असा, की बोलायची गरजच नाही. पोरवयापासून तो जत्रेजत्रेत वासरांवर फास टाकत आला होता. फाटकाशेजारी घोडा सरळ उभा करायचा, इशारा म्हणून मान हलवायची. फाटक उघडे, वासरू सुटे, आणि मागून डीकन बंदुकीच्या गोळीसारखा सुटे. फास पडला की डीकन बसल्यासारखा जागीच थांबे आणि दोर ताठ राहावा म्हणून एक एक पाऊल मागे सरके. बारा वर्षं हेच. मग ऑर्व्हलचा खांदा निकामी झाला, दोर खुंटीला लागला, आणि सतरा वर्षांचा तांबूस डीकन कुंपणापाशी उभा राहून ढगांकडे बघायला लागला.

लॉर्नाने त्याला हिवाळ्यात हाताशी धरलं. तिला वेस्टर्न ड्रेसाजचा नाद लागला होता. कुंपणावर अक्षरं लावलेलं रिंगण, त्यात ठरलेल्या अक्षरापाशी वळायचं, ठरलेल्या जागी थांबायचं, गोल काढायचे, आणि हे सगळं घोड्याला ओढाताण न करता, गोडीगुलाबीने. मेळ्यातल्या नवशिक्यांच्या परीक्षेत तिने नावही दिलं होतं.

"कामाशिवाय घोडा म्हणजे गवत खाणारं कपाट," ऑर्व्हल म्हणाला.

"त्याला काम आहे! माझ्याबरोबर!"

ऑर्व्हलने खिडकीतून डीकनकडे पाहिलं. डीकन एका फुलपाखराचा विचार करत होता.

"मी मेळ्यात शंभरात साठ मिळवले तर?" लॉर्नाने विचारलं. "साठ मिळाले तर डीकन इथेच राहणार. कबूल?"

ऑर्व्हलने बराच वेळ अंडं चघळलं. मग हनुवटी एकदा, झटकन खाली.

दुसऱ्याच दिवशी लॉर्नाने जूनी ओक्सला बोलावलं. जूनी शाळेची बस चालवायची आणि उरलेल्या वेळात घोडे आणि माणसं दोघांनाही वळण लावायची. तिने कुरणात खाद्याच्या रिकाम्या बादल्या मांडल्या, त्यांवर रंगाने अक्षरं काढली.

"ए. मग के?" ऑर्व्हलने कुंपणावरून विचारलं.

"हो. ए, के, ई, एच, सी."

"बी कुठाय?"

"पलीकडच्या बाजूला. एम आणि एफच्या मधे."

"कुणी मांडलं हे?"

"ते कुणालाच माहीत नाही," जूनी म्हणाली. "आणि मधोमध एक्स आहे."

"दिसत नाही."

"तो दिसत नसतोच. तिथे आहे असं धरायचं."

ऑर्व्हल घरात निघून गेला.

पहिले दोन आठवडे लॉर्नाचे गोल बटाट्यासारखे निघाले. "बाई गं, घोड्याच्या मानेकडे बघू नकोस, जिथे जायचंय तिथे बघ!" जूनी ओरडायची. "आणि श्वास घे! तू श्वास धरलास की तोही धरतो. दोघं मिळून कोसळाल एक दिवस!" दुडकी चाल कधी धावायची, कधी पेंगायची. तेव्हा लॉर्नाने तालासाठी एक गाणंच जुळवलं आणि ते टापांवर गुणगुणू लागली:

*टाप टाप डीकन, चाल रे दुडक्या,*
*माळाच्या वाऱ्याला देऊ नको धडक्या,*
*गोल माझा चंद्राचा, कोर नको काढू,*
*घाई कुणा आहे रे, हळूहळू जाऊ.*

आणि नवल म्हणजे डीकनला ते आवडलं. कान मागे-पुढे करत तो ऐकायचा. पाठ सैल सोडायचा. गोल चंद्रासारखे निघू लागले. लगाम लांब सोडला की मान खाली घालून, जमिनीचा वास घेत, लांब लांब पावलं टाकायचा.

"झोपला," ऑर्व्हल म्हणाला.

"झोपला नाही, मोकळा झालाय," जूनी म्हणाली. "तुम्हीपण करून बघा कधीतरी."

अडचण एकच होती. लॉर्नाला क्रम लक्षात राहत नव्हता. नियमाप्रमाणे कुंपणाबाहेरून कुणीतरी परीक्षा वाचून दाखवलेली चालत असे. जूनीला त्या दिवशी बाकीचे विद्यार्थी होते. उरला ऑर्व्हल.

"मी?" तो दचकला.

"बोलायचं नाहीये. नुसतं वाचायचंय," लॉर्ना म्हणाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ऑर्व्हल टोपी मागे सारून, कागद हातभर लांब धरून, खाटिकाचं बिल वाचावं तशा आवाजात वाचायचा: "ए. आत या. दुडकी. एक्स. थांबा. सलाम."

"सलामाचं काय करायचं?" लॉर्नाने जूनीला विचारलं होतं.

"सलाम पंचांसाठी असतो. इथे कोण आहे, बिळातले गोफर? एक्सवर थांब, मनात सलाम म्हण आणि पुढे चल. सरावात वेळ घालवू नकोस."

त्यामुळे सहा आठवडे लॉर्नाने मनातल्या मनात सलाम केला.

मेळ्याच्या शनिवारी सकाळी तंग आवळता आवळता जूनी घाईघाईने म्हणाली, "हे बघ, सलामाला लगाम एका हातात, दुसरा हात सरळ खाली, आणि मान हलवायची. ठसठशीत हं! मरगळलेली मान पंचांना आवडत नाही."

लॉर्ना हसली. ठसठशीत मान कशी हलवतात ते ती चौतीस वर्षं रोज न्याहारीला बघत होती.

रिंगणाच्या सी टोकाला मांडवाखाली पंच मिसेस ग्रॅनबर्ग बसल्या होत्या, शेजारी त्यांचे शेरे लिहून घेणारी बाई, पुढ्यात लिंबू सरबताचा जग. घंटा वाजली. ई अक्षरापाशी कागद धरून ऑर्व्हल उभा. मागच्या बाकांवर रुंद टोपीचा एक अनोळखी माणूस मक्याचं कणीस खात होता.

"ए. आत या. दुडकी," ऑर्व्हलने वाचलं.

डीकन आत आला तो ओळंब्याने रेघ मारावी तसा सरळ. टाप टाप डीकन, चाल रे दुडक्या. एक्सवर चारही पाय चौकोनात रोवून उभा राहिला. बाकांवरून कुणीतरी "वा!" म्हणालं.

"सलाम," ऑर्व्हलने वाचलं.

लॉर्नाने उजवा हात खाली सोडला. आणि हनुवटी एकदा, झटकन, अगदी ऑर्व्हलसारखी, खाली आणली.

पुढचं कुणालाच नीट दिसलं नाही. ऑर्व्हलला तेवढं शेवटच्या क्षणी उमगलं. त्याचं तोंड उघडलं, पण त्या तोंडाला घाईत शब्द काढायची सवय नव्हती. एक्सवर धूळ होती, घोडा नव्हता. डीकन सुटला होता. बारा वर्षं ज्याच्यामागे धावला ते वासरू जणू पुन्हा समोर पळत होतं. लॉर्नाची टोपी मागे राहिली, किंकाळी त्याच्याही मागे राहिली. मिसेस ग्रॅनबर्ग हातात पेन्सिल घेऊन मोठ्या होत जाणाऱ्या घोड्याकडे बघत राहिल्या.

"हो! हो! थांब रे!" लॉर्ना ओरडली आणि खोगिरात मागे बसली.

डीकन मागच्या पायांवर बसल्यासारखा थांबला. नाक सरबताच्या जगापाशी. धुळीची एक लाट मांडवात शिरली आणि सावकाश खाली बसली. मग, दोर ताठ हवा म्हणून, डीकन एक एक पाऊल मागे सरकू लागला. सरळ, डौलात, दहा पावलं.

दूर कुठेतरी आकाशपाळण्याचं संगीत तेवढं चालू होतं.

ऑर्व्हलचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. काय करावं ते न सुचून तो कागदावरची पुढची ओळ वाचता झाला: "सी. डावीकडे वळा."

आणि डीकन सीसमोरच तर होता! लॉर्नाने लगाम उचलला, डावीकडे वळली. घोडा रिंगणाबाहेर गेला नव्हता, वाटही चुकली नव्हती. मिसेस ग्रॅनबर्गांनी घंटेकडे नेलेला हात परत घेतला आणि चष्म्याची धूळ पुसली.

मग मात्र कमाल झाली. डीकनच्या लेखी आजचं काम संपलं होतं. वासरू धरलं, दोर ताणला, आता आराम. पाठ अशी सैल, चाल अशी संथ, की सहा आठवड्यांत एकदाही जमली नव्हती. गोल चंद्रासारखे. लगाम सोडला तशी मान गवताच्या पात्यासारखी लवली. लॉर्नाला गाणं आठवत नव्हतं, श्वास आठवत नव्हता. तिला एकच गोष्ट आठवत होती, की परीक्षेच्या शेवटी आणखी एक सलाम आहे.

"ए. मधल्या रेषेवर," ऑर्व्हलचा आवाज चिरकला. "एक्स. थांबा." आणि मग, कागदावर नसलेलं, कळवळून: "लॉर्ना, मान नको गं!"

डीकन थांबला. लॉर्नाने हात खाली सोडला. मान खांबासारखी ताठ ठेवली आणि नुसत्या पापण्या मिटून पंचांना सलाम केला. अशा अदबीने, की जणू राणीच्या दरबारात. मिसेस ग्रॅनबर्ग आधी टेबलाची कड घट्ट धरून बसल्या. घोडा हलला नाही. मग त्यांनीही, काय वाटलं कोण जाणे, पापण्या मिटूनच उत्तर दिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. परीक्षा संपली.

टाळ्या पडल्या. लॉर्नाने वळून ऑर्व्हलकडे पाहिलं. तिच्या गालांवर धूळ होती आणि धुळीतून दोन ओल्या रेघा उतरल्या होत्या. ऑर्व्हलला इतक्या वर्षांचं सगळं एकदम सांगायचं होतं. त्याला जे येत होतं ते त्याने केलं.

त्याने मान हलवली.

मिसेस ग्रॅनबर्ग या वेळी टेबलाखाली होत्या. डीकन पुन्हा सुटला, मांडवाच्या बाजूने बुटकं कुंपण ओलांडून गेला, आणि मुलांनी स्पर्धेला आणलेल्या वासरांच्या गोठ्यापाशी जाऊन पहिल्या नंबरची निळी फीत लावलेल्या एका वासराच्या नाकाला नाक लावून थांबला. वासरू बघतच राहिलं. मग डीकन शिस्तीत मागे सरकू लागला. लॉर्ना त्याच्या मानेला मिठी मारून होती.

ऑर्व्हल आणि जूनी धावत पोचले, त्यांच्या मागोमाग कणीसवाला अनोळखी माणूस.

"मी नेब्रास्काचा. एक दिवस आधीच आलो," तो धापा टाकत म्हणाला. "मला वाटलं होतं म्हातारा झाला असेल. पण काय सुटतो हो! काय सुटतो! आत्ताच नेतो. ठरलं ना?"

तेवढ्यात जूनीच्या हातात गुणपत्रिका आली. पहिल्या सलामापुढे दहापैकी दोन गुण: 'उत्साह अनावर.' खाली शेरा: 'मागे सरकणे अप्रतिम, मात्र या परीक्षेत ते नव्हते.' बाकी सगळीकडे सहा, साडेसहा. बेरीज शंभरात साठ पूर्णांक तीन.

"काय मालक?" नेब्रास्कावाल्याने पुन्हा विचारलं. "तुमच्या बायकोचा खेळ झाला. आता देऊन टाकायचा ना?"

"नाही," ऑर्व्हल म्हणाला. त्याला स्वतःलाच त्या आवाजाचा धक्का बसला, पण तो थांबला नाही. "हा ड्रेसाजचा घोडा आहे. आणि खेळ नाही तो. काम आहे. तिच्याबरोबरचं."

नेब्रास्कावाला कणसाचा बुरकुंडा हातात घेऊन उभाच राहिला. जूनीने मनातल्या मनात शब्द मोजले आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरणात दव होतं. लॉर्ना डीकनला घेऊन बादल्यांमधून फिरत होती. ऑर्व्हल कॉफी घेऊन कुंपणाशी आला. ती त्याच्यासमोर थांबली. डीकन चारही पाय चौकोनात रोवून उभा राहिला.

"कालची आमची फेरी," लॉर्नाने विचारलं, "बरी झाली का रे?"

ऑर्व्हलची हनुवटी सवयीने खाली निघाली. डीकनचे कान टवकारले. लॉर्नाने दोन्ही हातांनी आयाळ धरली.

हनुवटी अर्ध्यावर थांबली. मान ताठ ठेवून, घोड्याच्या डोळ्यांत बघत, अगदी सावकाश तो म्हणाला, "छान झाली."

डीकन शिळेसारखा उभा होता.

"पुन्हा म्हण," लॉर्ना म्हणाली. "घोड्याला सवय व्हायला हवी."