वाळवीला माती लागते

गल्लीत मला 'ग्रंथराज' या नावाने ओळखतात. वय वर्षे बहात्तर, शिक्षण इयत्ता सातवी, वाचन अमर्याद. घरातील प्रत्येक ग्रंथ मी अथपासून इतिपर्यंत वाचलेला आहे, असे गेली चाळीस वर्षे मी सर्वांना सांगत आलो आहे.

माझ्या पुस्तकांच्या लाकडी कपाटाखाली रव्यासारखे बारीक दाणे पडू लागले.

"अहो, वाळवी लागलीय," पत्नी केरसुणी टेकवून म्हणाली. "सकाळी झाडते, दुपारी पुन्हा तेवढेच."

"वाळवीला माती लागते," मी म्हणालो. "कीटकांवरील ग्रंथ, पृष्ठ दोनशे अकरा. येथे माती कोठे आहे?" एक दाणा जिभेवर ठेवून (परीक्षा शास्त्रोक्त असावी) तो भिंतीचा चुना असल्याचा निर्वाळा मी दिला.

गवंडी बोलावला. त्याने भिंतीला नवा गिलावा केला. आम्ही आठवडाभर शिंकत राहिलो. दाणे पडतच होते.

अखेर पत्नीने मला न विचारता सुतार आणला. त्याने कपाटाच्या पायावर टकटक केले. आवाज रिकाम्या डब्यासारखा आला.

"काका, ही कोरड्या लाकडातली वाळवी. आतच राहते, आतच खाते. हे दाणे म्हणजे तिच्या लेंड्या."

पत्नीने माझ्या तोंडाकडे पाहिले. मी ते मिटून घेतले.

"तरीही माती लागते," मी म्हणालो. "पुरावा दाखवतो." आणि वरच्या फळीवरील तो ग्रंथ ओढला. ग्रंथ आला, पाठोपाठ फळी, दार आणि चाळीस वर्षांचे वाचन माझ्या पायांवर आले.

ढिगात ग्रंथ पृष्ठ दोनशे अकरावर उघडा पडला होता. ते पान व पुढचे पान छापखान्यातून आले तसे कडेला जोडलेलेच होते. पत्नीने भाजीची सुरी आणून ती कड कापली, चष्मा लावला आणि सावकाश वाचले, "'मात्र कोरड्या लाकडातील वाळवीला मातीची मुळीच गरज नसते.'"

सुतार मान खाली घालून फळ्या गोळा करू लागला. "पण काका, पुस्तकांना तिनं तोंड लावलेलं नाही बघा."

"तिनंही नाही?" पत्नी म्हणाली.

त्यानंतर लोखंडी कपाट आले. एकूण सतरा ग्रंथांत जोडलेली पाने निघाली. दुपारी पत्नी ती कापते व वाचते. केर मी काढतो.