डाव्या नडगीचा तपास

गोष्ट २०२३ सालची. गणपती उठून आठवडा झाला होता. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांची होते आणि माझी बुद्धी ऐन भरात होती.

आधी माझी ओळख करून देते, कारण माझ्याविषयी इतर लोक नीट सांगत नाहीत. मी केशरबाई. सिरसाळ्यापासून जीपने वीस मिनिटांवर आमचं गाव आहे, आणि त्या गावातली मी एकमेव गुप्तहेर आहे. लोक मला सीआयडी बाई म्हणतात. पाठीमागे म्हणतात, म्हणजे मनापासूनच म्हणत असणार. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या होळीला पातेल्यातलं अर्धं पुरण कुणी खाल्लं, हे मीच शोधून काढलं होतं. गुन्हेगार आमचे हे निघाले. शिक्षा मात्र मला झाली. पुन्हा डाळ शिजवून पुरण वाटावं लागलं.

माझं मुख्य हत्यार म्हणजे स्मरणशक्ती. इतरांना काल काय झालं ते आठवत नाही. मला पन्नास वर्षांपूर्वी कोण कुणाशी कसं वागलं ते आठवतं. काल काय झालं ते मलाही आठवत नाही, पण त्यासाठी माझी धाकटी जाऊ सुभद्रा आहे. ती माझी मदतनीस. तिला अजून ते मान्य नाही.

तर प्रकरण असं होतं. आमच्या शाळेतल्या मुलींचा हॉकीचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचला होता. पोचला म्हणजे नववीतल्या तेजश्रीने पोचवला. तिच्याकडे चेंडू आला की समोरच्या मुली बाजूला होत, रस्त्यात एसटी आल्यासारख्या. पण प्रत्येक सामन्यानंतर तेजश्रीची डावी नडगी सुजायची. उजवी कोरी आणि डावी वांग्यासारखी. शाळेची पॅडं जुनी आणि मोठ्यांच्या मापाची, ती धावताना घोट्यावर उतरायची. कोण मारतं विचारलं तर ती म्हणे, कळत नाही, आपलं ध्यान बॉलवर असतं.

अंतिम सामना बघायला क्रीडा प्रबोधिनीसाठी मुली निवडणारे येणार होते. तेजश्रीचे आईवडील, अजिनाथ आणि चतुराबाई, ऊस तोडायला जातात. आजवर पोरीला आजीजवळ ठेवून जायचे. ती आजी आषाढात वारली. आता निवड झाली तर पोरगी वसतिगृहात, नाहीतर दसरा झाला की आईबापाबरोबर ट्रकमध्ये. तिच्या पायावर एवढं सगळं उभं होतं.

तपास माझ्याकडे कुणी सोपवला नाही. गुप्तहेराने अशा गोष्टींची वाट बघायची नसते.

माझा पहिला संशय करिष्मावर गेला. ही माजलगावकडच्या संघाची पाच नंबरची खेळाडू. अंतिम सामना त्यांच्याशीच होता, आणि आधीच्या दोन मैत्रीच्या सामन्यांत तेजश्रीला अडवायला हीच होती. चौकशी केली तर तिच्या आजोबांचं नाव आश्रुबा निघालं. माझ्या अंगावर काटा आला. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या जत्रेत आश्रुबा नावाच्या इसमाने शिट्टी झाल्यावर माझ्या भावाची, रामकिसनची, तंगडी ओढली होती. रामकिसन वीस दिवस लंगडत होता.

"तंगडी ओढणं त्यांच्या रक्तात आहे," मी सुभद्राला म्हणाले.

"आक्का, ती कबड्डी हुती. कबड्डीत तंगडीच वढतेत," ती म्हणाली. शेंगा फोडत होती. मदतनिसाचं लक्ष हे असं.

दुसरा संशय मन घट्ट करून घ्यावा लागला, कारण तो माझ्याच नातीवर होता. संस्कृती राखीव खेळाडू. तेजश्री पडली तरच हिला मैदान मिळणार. त्यात तिच्या दप्तरात मला हळदीची पुडी सापडली. जखम व्हायच्या आधीच हळद तयार, याचा अर्थ काय? मी तिला समोर बसवून विचारलं. ती म्हणाली, तेजूला दरवेळी लागतं म्हणून मी नेते. उत्तर इतकं सरळ होतं की माझा संशय दुप्पट झाला.

दरम्यान संरक्षणाचे उपाय सुरू केले. जुन्या गोधडीचे तुकडे करून तेजश्रीच्या पायाला बांधले. पाच पावलांत गोधडी सुटली आणि ती तिच्यातच अडकून पडली. मग शहादेव सरांना सांगून सरावात तिच्याभोवती तीन मुलींचा पहारा लावला. शहादेव सर भूगोल शिकवतात आणि हॉकी पुस्तकातून शिकलेत, त्यामुळे ठामपणे बोलणाऱ्याचं ऐकतात. पहारा इतका कडक झाला की तेजश्रीपर्यंत कुणी पोचेना. चेंडूसुद्धा दोनदाच पोचला, आणि तो तिने सणसणीत मारला. तरी संध्याकाळी नडगी सुजलेली.

दुसऱ्या कुणाला यातून काहीतरी सुचलं असतं. मी पहारेकरी फितूर झाल्याचं ठरवलं.

सामन्याच्या दिवशी बीडला मैदानावर गर्दी होती. मी कडेच्या चुन्याच्या रेषेला गुडघे टेकवून बसले. दहाव्या मिनिटाला तेजश्रीकडे चेंडू आला आणि गर्दीतून एक पुरुषी आवाज उठला, "तोड!"

मी सुभद्राचा हात धरला. पुन्हा तिच्याकडे चेंडू, पुन्हा तोच आवाज, "तोड, तोड!" म्हणजे बाहेरून कुणीतरी हुकूम देत होतं आणि आतून पाय तोडला जात होता. सगळा कट माझ्यासमोर उलगडला. तिसऱ्यांदा "तोड!" झालं, तेजश्रीने जोरात फटका मारला आणि नडगी धरून खाली बसली. जवळ करिष्मा होती.

मी मैदानात शिरले. या वयात मी धावू शकते हे मलाही तेव्हाच कळलं. करिष्माचं मनगट धरलं आणि गुन्हा कबूल कर म्हणाले.

पोरगी शांतपणे म्हणाली, "आजी, मी तर चार हात लांब हुते. मला तर तिच्या काठीचंच भ्या वाटतंय."

पंचबाई आल्या आणि त्यांनी मला हिरवं कार्ड दाखवलं. मला वाटलं शाबासकी आहे, म्हणून मी हात पुढे केला. मग कळलं की ती ताकीद असते. पुन्हा रेषा ओलांडली तर आमचा संघच बाद होणार होता. तिकडे निवड करणाऱ्यांपैकी एकाने लंगडणाऱ्या तेजश्रीकडे बघून वही मिटली होती. ते मी पाहिलं, आणि खोटं कशाला सांगू, आपणहून रेषेबाहेर जाऊन बसले.

मध्यंतर झालं. मुली झाडाखाली बसल्या. संस्कृती हळद लावत होती. तेवढ्यात गर्दीतून चतुराबाई आली. पोरीचा सामना तिने आजवर पाहिला नव्हता. कामातून सवड कधी मिळायची? आजही ट्रकवर न्यायचं सामान बांधायचं सोडून आली होती. तिच्यामागे खांद्यावर टॉवेल टाकून अजिनाथ होता.

ती तेजश्रीसमोर बसली आणि म्हणाली, "कुणी मारलं न्हाई तुला. तूच मारून घेतीस, तुझ्याच काठीनं."

आणि तिने आपल्या लुगड्याचा काठ वीतभर वर केला. तिच्या डाव्या नडगीवर जुने वण होते, एकाखाली एक, शिडीच्या पायऱ्यांसारखे.

"नव्या बाईचा पैला सीझन असाच जातोय. डावा पाय पुढं टाकायचा, डाव्या हातानं ऊस धरायचा, उजव्या हातानं खाली तोडायचं. कोयता निसटला की डावी नडगी. त्या वक्ताला कळतबी न्हाई, रगत चपलीत आल्यावर कळतंय."

शहादेव सरांनी विचारलं, पण याचा हॉकीशी काय संबंध? तेव्हा तेजश्रीच खाली मान घालून म्हणाली की ती बॉल मारायला कोपीवर शिकली. लहानपणी सुट्टीत तिला फडाकडे नेत, तेव्हा त्या कोपीपुढे, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढे, उसाचं कांडं ठेवून आईसारखाच डावा पाय पुढे टाकून काठीने मारायची. आणि बाप शेजारी बसून "तोड" म्हणायचा.

सगळे अजिनाथकडे बघायला लागले. तो टॉवेलने तोंड पुसत म्हणाला, "तोड म्हणलं की जोरात मारती ती."

"तुमी आता गप बसा," चतुराबाई म्हणाली. मग पोरीचा डावा पाय धरून तिने वीतभर मागे सरकवला. "हितं ऊस धरायचा न्हाई, बाळा. पाय मागं घी."

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, हे माहीत होतं तर आधी का सांगितलं नाहीस?

"आज पैल्यांदा तर बघितलं, मावशी. आन् सूज हाय म्हणून तरी कुणी सांगितलं? तुमी सगळ्या गावाला इचारलं. माझ्याच दारी आला न्हाईत."

तिचं नाव चतुराबाई. माझ्या आईने थोडा विचार केला असता तर ते मला मिळालं असतं.

सरांनी चेंडू पाहिला, मी वैरी पाहिले. पोरीचा पाय तेवढा तिच्या आईने पाहिला.

दुसऱ्या अर्ध्यात तेजश्रीने गोल केला. आम्ही दोन-एकने हरलो, पण मिटलेली वही पुन्हा उघडली होती.

आता कोण कुठे आहे ते सांगते. तेजश्री प्रबोधिनीच्या वसतिगृहात आहे आणि मागच्या वर्षी राज्याच्या संघातून खेळली. करिष्मा तिथेच तिच्या शेजारच्या खाटेवर झोपते. शहादेव सर आता मुलींना आधी पाय कुठे ठेवायचा ते शिकवतात. संस्कृती परळीला नर्सिंग शिकते, हळदीची पुडी अजून बाळगते. आश्रुबांकडे मी माफी मागायला गेले होते. त्यांनी चहा पाजला आणि आपण जन्मात कबड्डी खेळलो नाही म्हणाले. तो आश्रुबा दुसराच होता. म्हणजे माझी आठवण बरोबर होती, माणूस तेवढा चुकला. सुभद्रा आजही म्हणते की तिला पहिल्या दिवसापासून शंका होती. शेंगा फोडताना कुणालाही शंका येतात.

अजिनाथ आणि चतुराबाई दसऱ्यानंतर जातात, तशी यंदाही गेली. वसतिगृहात दुसरी नवी पॅडं मिळाल्यावर तेजश्रीने स्वतःची पहिली जोडी आईला पाठवून दिली. चतुराबाई त्यातलं डावं पॅड लुगड्याखाली बांधून फडात उतरते. उजवं तिच्या घरी खुंटीला असतं. किल्ली माझ्याकडे आहे, म्हणून मी अधूनमधून जाऊन पाहते. ते अजून कोरं आहे.