सगळे फोन बंद ठेवा

करिष्माच्या जुन्या फोनने एके दिवशी सांगून टाकलं, की यापुढे त्याच्यावर व्हिडिओ कॉल होणार नाही. फोन काही फार म्हातारा नव्हता. पण कंपनीने त्याला नवे अपडेट देणं कधीच सोडलं होतं, आणि अपडेट नाहीत म्हणून अ‍ॅपनेही हात वर केले.

करिष्माचं माहेर दुसरबीडचं आणि सासर मेहकरजवळच्या खेड्यात. तिची लेक संजू माहेरी जन्मली, दुपट्यात गुंडाळून इकडे आली, आणि तेव्हापासून करिष्माच्या आईने, रुखमाबाईने, नातीला पाहिलं ते फोनमध्येच. वांग्याच्या वाडीतून परतलं की हातपाय धुवायच्या आधी रुखमाबाईचा कॉल यायचा. "येऊन जा ना व माय," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "लेकीच्या घरी उगंच कसं यावं? काई निमित्त त पायजे." आणि आता संजू खाटेचा पाय धरून उभी राहायला लागली होती. पहिलं पाऊल आज पडतं की उद्या, अशा दिवसांत फोनने हे केलं.

नवा घ्यायचं ठरलं. नवऱ्याला, गणेशला, भारी कॅमेरा हवा होता. सासरे महादेवराव बॅटरीवर अडून बसले. करिष्मा म्हणाली, "मले फक्त वर्षानुवर्षं वेळेवर अपडेट देनारा पायजे. बाकी दिसाले कसाही असो."

मेहकरच्या दुकानात मालक शेखरने काचेवर फोनच फोन मांडले. "वहिनी, अपडेट त सगळेच देतात."

"देतात, का देऊ म्हनतात?" सासूबाईंनी, पुष्पाबाईंनी, मध्येच विचारलं.

"खोक्यावर लिहून आहे ना, काकू."

"सोयरिकीच्या वक्ताले नवरदेवाचा बापही लय सांगते बापा. आमी त्याले नाही इचारत. त्या घरची आधीची सून कशी नांदून राह्यली, ते पाहतो."

एवढं बोलून त्या उठल्या आणि थेट बसस्टँडवर गेल्या. मागोमाग संजूला कडेवर घेऊन करिष्मा. जिच्या हातात फोन दिसेल तिच्यापुढे पुष्पाबाई उभ्या. "बाई, किती वर्सं झाले? तरास त नाही ना?" लोणारच्या गाडीची वाट पाहणारी एक बाई म्हणाली, "बारा झाले. मानूस चांगला हाय, सासूच कटकटी हाय." ते सगळं शांतपणे ऐकून घेऊन पुष्पाबाई पुढच्या बाईकडे वळल्या.

शेवटी भेटली महामाया कंडक्टर. तिच्या फोनची काच तडकलेली, कव्हर पिवळं पडलेलं. "तीन वर्षं झाले, मावशी. पावसात भिजला, गाडीत पडला. पन माहेरून निरोप यावा तसा दर म्हैन्याले अपडेट येते. हा पाहा, परवाच आला."

पुष्पाबाई दुकानात परतल्या. "ह्या कंपनीचा दे. तिची सून सुखात हाय."

जुना फोन एक्सचेंजमध्ये गेला, नवा घरी आला, आणि पहिल्याच पंधरवड्यात कंपनी शब्दाला जागली. मोठा अपडेट आला. करिष्माला एवढा आनंद झाला, की आईच्या कॉलची वेळ होत आलीय हे विसरून तिने बटण दाबलं.

आता खेड्यातली रेंज ती. अपडेट मुंगीच्या पावलांनी उतरू लागला. महादेवरावांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि निदान केलं. "विजेच्या एका डीपीवर सगळ्यायच्या मोटरी चालू झाल्या का आपली मोटर पानी फेकते का? नाही फेकत. रेंजचंही तसंच हाय." त्यांनी आधी स्वतःचा बटणांचा फोन बंद केला. मग गणेशच्या खिशातून त्याचा काढला, बंद केला आणि उशीखाली ठेवला.

"बाबा, तसं नसते," गणेश म्हणाला.

"तुह्या वावरात पानी कोनं आनलं?"

महादेवराव शेजारी अर्जुनरावांकडे गेले. "जराशीक फोन बंद ठेवा बरं सगळे. आमच्याकडे अपडेट हाय."

अपडेट म्हणजे काहीतरी घरगुती पूजा असावी, असं समजून अर्जुनरावांनी घरातले सगळे फोन बंद केले, आपल्या पलीकडच्या घरांनाही सांगितलं, आणि टोपी घालून बायकोसकट अंगणात येऊन बसले. तसे बाकीचेही आले. पुष्पाबाईंनी फोन पाटावर ठेवला. खरोखरच तो भरभर उतरला, म्हणून महादेवरावांचा भाव वधारला. मग पडदा काळा झाला आणि मधे नुसता आकडा फिरू लागला.

"मामाजी, मायचा फोन येईन आता. कोनाचा तरी एक चालू करा ना."

"चालू मोटरीत हात नाही घालत, सूनबाई. होतेच आता."

तिकडे दुसरबीडला काय झालं ते नंतर कळलं. रुखमाबाईने लेकीला फोन लावला, बंद. जावयाला लावला, बंद. व्याह्यांचा बंद. अडीअडचणीसाठी लिहून ठेवलेला अर्जुनरावांचा नंबर, तोही बंद. एखादा फोन बंद असू शकतो. अख्खी गल्ली बंद म्हटल्यावर ती दाराकडे धावली. दारात वांग्याचे कॅरेट भरलेली पिकअप मेहकरच्या बाजारात निघाली होती. करिष्माच्या वडिलांना, पुंजाजींना, हाताला धरून ती तशीच गाडीत चढली. हाताला माती, लुगडं खोचलेलं.

बिबी, सुलतानपूर मागे टाकत गाडी दारात आली. रुखमाबाईला दिसलं ते असं: अंगणात सगळी गल्ली मांडी घालून गप्प बसलेली, टोप्या घातलेली माणसं मान खाली घालून आहेत, आणि मधे पाटावर काहीतरी ठेवलेलं. तिने फाटकातूनच हंबरडा फोडला.

सगळी गल्ली दचकून उठली. करिष्मा धावली. "माय? तू कशी व इथं?"

"तू हायेस का?"

"मी हावो ना. काऊन, काय झालं?"

"संजू कुठं हाय माही?"

संजू खाटेच्या पायाशी उभी होती. आवाज ओळखीचा होता. तिने आधी पाटावरच्या फोनकडे पाहिलं, कारण हा आवाज राहायचा तिथेच. मग फाटकाकडे पाहिलं. मग पुन्हा फोनकडे. आणि खाटेचा पाय सोडून दिला.

एक पाऊल, दुसरं, मग बसकण. पुन्हा उठून चार, आणि थेट आजीच्या मातीने भरलेल्या लुगड्यात.

"कॅमेरा, कॅमेरा," म्हणत गणेश खिसे चाचपू लागला. त्याचा फोन उशीखाली. नवा अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर. गल्लीतले बाकीचे बंद. संजूच्या पहिल्या पावलाचा फोटो आज कुणाकडेच नाही. पण करिष्माला त्याची रुखरुख नाही. तिच्या आईने ते पाऊल काचेतून नाही, कुशीत झेललं होतं, आणि तेवढ्यासाठी करिष्माने मनातल्या मनात कंपनीचे, महामायाचे आणि सासऱ्यांच्या डीपीचेही आभार मानले.

"पन झालं काय होतं नेमकं?" पुंजाजींनी विचारलं.

"काई नाही, व्याही. अपडेट होता," महादेवराव पाटाकडे पाहत म्हणाले.

पुंजाजींनी थोडा विचार केला आणि ड्रायव्हरला हाक मारली. "दोन कॅरेट इथंच उतरव बापा."

रात्री सगळी गल्ली वांग्याची भाजी जेवली. रुखमाबाई दोन दिवस राहिली, नातीला न्हाऊ घातलं, जाताना दारातच रडली.

महिना झाला. संजू आता अंगणभर पळते. संध्याकाळी कॉल आला, इकडचं तिकडचं झालं, आणि रुखमाबाईने हळूच विचारलं, "अपडेट आला नाही का व अजून? त्या कंडक्टरीनबाईचा त दर म्हैन्याले येते म्हने."

अपडेट सकाळीच आला होता. लहानसा. चहा उकळेपर्यंत होऊनही गेला होता. करिष्माने सासूबाईंकडे पाहिलं. पुष्पाबाईंनी पदराला हात पुसले आणि फोन आपल्याकडे घेतला.

"आला हाय, इहीनबाई. पन लय मोठा दिसते ह्या टायमाले. दोन-तीन दिवस त लागतीनच. या तुमी."

मागे महादेवराव पायात चपला सरकवून निघालेसुद्धा होते, अर्जुनरावांना फोन बंद ठेवायला सांगायला.