तपासले: सु.

वानखडे सरांना पत्ता विचारण्याची चूक मी एकदाच केली. पिंपळगाव राजाला त्यांच्या घरी पहिल्यांदाच निघालो होतो. एसटीतून उतरलो आणि फोन लावून विचारलं, "सर, स्टँडपासून घर किती दूर?" पलीकडून आवाज आला, "चार लाख वीस हजार." मला वाटलं, माणूस घर विकायला काढतोय. ते मिलिमीटर होते, हे नंतर कळलं.

सरांच्या जगात दुसरं माप नव्हतं. शेजाऱ्यानं शेताचा धुरा कोरला तर "तो सहाशेनं आत सरकला." भाकरी जाड झाली तर "आज पाच एमएमची हाये." मला पहिल्या भेटीत खालून वर न्याहाळून म्हणाले, "सोळाशे ऐंशी?" मी म्हटलं, असेन पाच फूट सहा-सात इंच. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी देवघरात चपला घालून शिरलो. "अंदाज नोका सांगू भाऊ, माप सांगा." हे त्यांचं पालुपद. दिवसातून दहा वेळा ऐकायचं आणि वर हसायचं नाही, कारण सर स्वतः कधी हसत नसत.

आयटीआयमध्ये त्यांनी आयुष्यभर मुलांना ड्रॉइंग शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर घरीच कॉम्प्युटर घेऊन बसले आणि माझ्यासारख्या वर्कशॉपवाल्यांना यंत्रांची ड्रॉइंगं काढून देऊ लागले. माझं खामगावात छोटं वर्कशॉप आहे. पेरणीयंत्रं आणि कोळपणीचे डवरे बनवतो. पण सरांची खरी कीर्ती होती ती त्यांच्या फोनवरच्या ग्रुपमुळे. जिल्ह्यात जो कोणी कॉम्प्युटरवर यंत्राचे भाग काढतो, त्याला ते पकडून 'यंत्र-आरेखन मित्रमंडळा'त घालत. विचारत नसत. रोज सकाळी सहाला त्या ग्रुपवर दोन गोष्टी पडत, आजची टीप आणि सभासद वार्ता. बोलताना पक्के वऱ्हाडी असलेले सर लिहायला बसले की सरकारी परिपत्रक होत.

"आजची टीप: फाइलला आधी नाव द्यावे. 'नवीन', 'नवीन फायनल' व 'फायनल खरे' ही नावे नव्हेत."

"आजची टीप: जोडणीची फाइल पाठवताना तिचे सुटे भाग सोबत पाठवावेत. अन्यथा समोरच्याकडे रिकामी चौकट उघडते व तो मनात शिव्या देतो."

"सभासद वार्ता: देऊळघाटचे गजानन यांचा कॉम्प्युटर काल दुपारी बंद पडला. दोन तासांचे काम सेव्ह केलेले नव्हते. सर्वांनी सांत्वन करावे, उपदेश करू नये."

"सभासद वार्ता: बीबी गावचे प्रशांत यांचे लग्न जमले. आपण काय काम करतो हे मुलीकडच्यांना सांगण्यासाठी त्यांनी ट्रॅक्टरच्या गिअरचे चित्र दाखवले. त्याचा उपयोग झाल्याचे कळते."

आणि प्रत्येक मजकुराखाली, लग्नाच्या बातमीखालीसुद्धा, एक ओळ ठरलेली: काढले: ना. तपासले: सु.

ना. म्हणजे नारायण वानखडे, हे सगळ्यांना माहीत. सु. म्हणजे कोण, यावर ग्रुपवर पुष्कळ चर्चा. कोणी म्हणे निवृत्त चीफ इंजिनिअर आहेत, कोणी म्हणे पूर्वी जर्मनीला होते. पुण्याच्या एका सभासदानं तर सु. साहेबांना व्याख्यानाला बोलावलं. सरांनी उत्तर टाकलं, "सु. प्रवास करत नाहीत." त्यानं साहेबांचा दबदबा आणखीच वाढला.

सु. म्हणजे सुशीलाआक्का, सरांची थोरली बहीण. शिक्षण चौथी. नवरा लवकर गेला, तेव्हापासून भावाकडे. पहिल्यांदा त्यांना ड्रॉइंग तपासताना पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. आक्का चुलीपुढून उठून आल्या, हात पुसले, कानामागची तांबडी पेन्सिल काढली आणि माझ्या डवऱ्याच्या फाळाच्या कागदावर वाकल्या. तो फाळ आहे की फाटक, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या फक्त बेरीज करत. सगळ्या तुकड्यांची मापं मिळून अख्ख्याचं माप झालं पाहिजे, एवढंच त्यांचं शास्त्र. दोन मिनिटांत म्हणाल्या, "नारायणा, हे तिन्ही मिळून दोनशे सत्तर होते. तू दोनशे ऐंशी लिवलं. दहा कुठी गेले?"

दहा खरंच गेले होते.

सरांचा नियम असा, की जो काढतो त्यानं तपासायचं नाही. "आपली चूक आपल्याले दिसत नाई भाऊ. आपल्याले दिसते ते आपल्या मनातलं." म्हणून आक्कांनी प्रत्येक मापावर तांबडी खूण केल्याशिवाय ड्रॉइंग घराबाहेर जात नसे. पुढे कारखान्यात पहिला नग मापात बसल्याचा निरोप आला, की मूळ कागदाच्या कोपऱ्यातल्या 'तपासले'च्या चौकटीत आक्का सही करत. मग तो कागद फाइलला लागे. आक्का सही करायच्या त्या दिवशी सर चहात साखर जास्त घालत. त्या घरात याहून मोठा सण मी पाहिला नाही.

वर्षभरापूर्वी टिपांचा सूर बदलला. एका सकाळी आलं, "आजची टीप: मापाच्या अंकांची उंची साडेतीनऐवजी पाच ठेवावी. वाचणाऱ्यास सोयीचे." आम्ही अंगठ्याची चित्रं टाकली. दिवाळीनंतर ती सात झाली. संक्रांतीच्या सुमाराला दहा. मग "ठळक ठसा वापरावा." मग "कागद पिवळा नको, पांढराशुभ्र घ्यावा." उंची पंधरा झाली तेव्हा गजानननं लिहिलं, "सर, ड्रॉइंग पाहायचं आहे की रस्त्यावर लावायचं?" सगळ्यांनी हसण्याची चित्रं टाकली. मीही टाकलं. वांग्याएवढाले आकडे असलेले सरांचे कागद मी वर्कशॉपमध्ये पोरांना दाखवून दाखवून हसलो आहे. आज त्या हसण्याची लाज वाटते, कारण सगळं समोर लिहिलेलं होतं. कोणाची तरी नजर महिन्यामहिन्यानं कमी होत होती आणि आम्ही ते रोज सकाळी सहाला वाचत होतो.

यंदा पेरणी तोंडावर आली असताना मी चाळीस पेरणीयंत्रांचं काम घेतलं. त्याच्या मुख्य पट्टीचं ड्रॉइंग सरांकडून आलं. चारशे ऐंशी लांब, चार भोकं. खाली नेहमीसारखं टाइप केलेलं, तपासले: सु. मी डोळे झाकून चाळीसही पट्ट्या कापून, भोकं पाडून घेतल्या. पहिली बसवायला गेलो तर शेवटचं भोक जुळेना. कडेपासून साठवर पाहिजे होतं, कागदावर नव्वद होतं. एका ओळीत बेरीज केली असती तर मलाही कळलं असतं. मी केली नाही. चाळीस पट्ट्या भंगारात आणि गिऱ्हाईक दारात.

घरी येऊन मी फाइल उघडून पाहिली आणि डोकंच फिरलं. आत मॉडेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर घडवलेल्या भागात, भोक बरोबर साठवरच होतं. फक्त ड्रॉइंगवर त्यावरून आपोआप येणारा आकडा हातानं खोडून तिथं नव्वद टाइप केला होता. या धंद्यात याहून मोठं पाप नाही. खुद्द सरांचीच पहिल्या दिवशीची टीप होती, "माप चुकले तर भाग बदलावा, आकडा हाताने बदलू नये." म्हणजे चूक झाली नव्हती. केली होती.

मी तडक पिंपळगाव राजाला गेलो. सर अंगणातच उभे होते. माझ्या हातातली पट्टी त्यांनी पाहिली आणि मी तोंड उघडायच्या आत हळूच म्हणाले, "नव्वद ना?"

"तुमाले माहीत होतं?" माझा आवाज चढला. "माहीत असून पाठवलं? काऊन?"

"हळू बोला. आक्का आत हाये." मला गोठ्याकडे नेऊन ते खाली मान घालून बोलू लागले. "तिच्या डोळ्याले काचबिंदू हाये. डॉक्टर म्हणते, गेलेली नजर वापस येत नाई. पह्यले मी आकडे मोठे केले. मंग तेही तिले दिसेनात. तिच्या हाती चूक लागेना. आक्का म्हणे, नारायणा, आता माह्या काही उपयोग नाई, माह्यं नाव काढ कागदावरून. दोन दिवस जेवली नाई. मंग मीच चूक टाकू लागलो. दर कागदावर एक, उजव्या कोपऱ्यात खाली, एकाच जागी. तिले तेवढी जागा पाठ झाली. आक्का चूक धरे, मी दुरुस्त करो, मंग पाठवो. तीन महिने झाले, काम बरोबर चालून राह्यलं होतं."

"मंग या टायमाले?"

"या टायमाले तिले कोपराही नाई दिसला. कागद फिरोला, खुणा केल्या अन् म्हणे, सारं बरोबर हाये. आता तिच्या खुणेवर मी कसा बदलू? बदललं तर तिले सांगा लागन, तुले दिसलं नाई म्हून. मी तीन दिवस कागद ठेवला. तुमचे फोन येऊन राह्यले होते. शेवटी तसाच पाठवला."

"मले एक फोन करता येत नव्हता? हळूच?"

"तपासल्यावर बदलायचं नाई, असा नेम हाये," ते म्हणाले, आणि त्यांनाच ते बोलणं पटलं नसावं. "नाई सुचलं हो भाऊ. तुमच्या पट्ट्या गेल्या. मले नाई सुचलं."

मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तो उगीच नव्हता. माझ्या चाळीस गिऱ्हाइकांपैकी निम्मी यंदा दुसरीकडे जाणार होती. एका बाईच्या समाधानासाठी माझा हंगाम का जावा, असं मी बोलणारच होतो. तेवढ्यात आतून हाक आली, "कोण, रमेशभाऊ हायेत का? आत या ना."

आक्का टेबलापाशी बसल्या होत्या. समोर तोच कागद पसरलेला. माझ्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी चेहरा वर केला, पण पाहिलं माझ्या डाव्या खांद्याच्या पलीकडे, भिंतीकडे. हातातली पट्टी मी नकळत पाठीमागे लपवली. काही गरज नव्हती.

"आठ दिवस झाले, निरोप नाई आला तुमचा," त्या म्हणाल्या. "मले धाकधूक लागली. आकडे बारीक होते या खेपेले. बसली का पट्टी?"

तो कागदावरचा आकडा माझ्या तळहाताएवढा होता.

दारात सर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मान खाली घालून ते मी काय बोलतो याची वाट पाहत होते, आणि मला वाटतं, मी खरं सांगितलं असतं तरी ते एका शब्दानं मला बोलले नसते.

"बसली आक्का," मी म्हटलं. "चाळीसच्या चाळीस. मापात."

आक्कांनी मोठा श्वास सोडला. पदरानं तोंड पुसलं. मग पेन उचललं आणि कागदावरून डावा हात हळूहळू फिरवू लागल्या. चौकट सापडेना. सर पुढे आले नाहीत. आले असते तर आक्कांना कळलं असतं. आक्कांनी एका जागी बोट टेकवलं, मनाशी काहीतरी ठरवलं आणि सही केली. 'सु' कागदाच्या कडेवर आला. 'शीला' टेबलाच्या लाकडावर.

"बरोबर झाली का रे नारायणा?" त्यांनी विचारलं.

सर टेबलापाशी आले, वाकले, नेहमीसारखे चष्मा सारून बराच वेळ पाहत राहिले.

"चौकटीच्या मधोमध हाये आक्का," ते म्हणाले.