सुतळीत बांधलेली गादी

बोलण्यात मला हरवणारा अजून जन्माला यायचाय. माझी गोष्ट ऐकून ठार बहिऱ्याने "मग काय झालं?" असं विचारलेलं मी या कानांनी ऐकलंय. आणि अशा माणसाला घरची सून शिकवणार, "बाबा, दोन मिनिटांत आटपायचं." अहो, दोन मिनिटं मला घसा खाकरायला लागतात!

पण अडला हरी! आमच्या गाद्यांच्या कारखान्याला कुलूप लागायची वेळ आली होती. नव्या हॉटेलची ऑर्डर मिळाली तरच तो तगणार होता, आणि हॉटेलचा मालक प्रत्येक गादीवाल्याला दोनच मिनिटं देत होता. मुलाची चारचौघांत बोबडी वळते. उरलो मी.

सून गॅसवर कुकर चढवायची. शिट्टीच्या आत माझं भाषण संपलं पाहिजे.

"पहिल्या वाक्यात माणूस पकडायचा. मग गादी उघडायची, त्यांना हात लावू द्यायचा आणि गप्प."

"गप्प म्हणजे?"

"तोंड मिटायचं, बाबा."

संताप नुसता!

ठरल्या दिवशी गादीची वळकटी सुतळीने बांधून आम्ही दोघं हॉटेलात गेलो. मालक खुर्चीत, डोळे लालभडक. मी घोटलेलं वाक्य टाकलं, "साहेब, गाढ झोप शेवटची कधी लागली होती?"

मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला, "पुढे."

माझं टाळकं सटकलं. पुढे काय पुढे? घे मग! मी थेट सरकीपासून सुरुवात केली. सून शर्ट ओढतेय, मी कशाला ऐकतो! आमच्या आजोबांनी शिवलेल्या मऊ गादीत पाहुणा कसा बुडाला आणि आठवड्याने उशीच्या खोळीतून कसा निघाला, इथवर आलो, तर मालक घोरतोय!

"माझ्या तोंडावर झोपतो?" मी गरजणार, तेवढ्यात हॉटेलच्या मॅनेजरने माझे पायच धरले.

"आजोबा, थांबू नका. साहेबांना कित्येक महिने झोप नाही. आम्हाला रोज फाडून खातात."

मी थांबलो की मालकाच्या पापण्या हलत. म्हणून दिवेलागणीपर्यंत बोललो. अंगात आग, आणि आवाज अंगाईचा! असला राग वैऱ्यालाही येऊ नये.

मालक उठला तो ताजातवाना. "सगळ्या खोल्यांना यांच्याच गाद्या घ्या."

मी मिशीवर ताव दिला. "म्हटलं होतं ना, आमची गादीच बोलते."

"गादी कशीही असू दे हो. तुमचं भाषण मात्र प्रत्येक खोलीत हवं. रेकॉर्ड करून द्या, नाहीतर ऑर्डर रद्द."

मी कोपऱ्यात पाहिलं. गादीची सुतळीसुद्धा सुटली नव्हती.

घरी मी निक्षून सांगितलं, "दोन मिनिटांच्या वर एक शब्द बोलणार नाही."

सुनेने माइक पुढे सरकवला. "असं काय करता बाबा, लांबवा ना जरा," म्हणाली, आणि आमच्याच कारखान्यातल्या कापसाचे दोन बोळे तिने स्वतःच्या कानांत घातले.