लवंगेच्या तेलातलं मटण

"मटण टिकवायचं शास्त्र मले सांगू नको वं," गोपाळराव म्हणाले आणि कोटाच्या खिशातली बाटली त्यांनी देव ठेवावा तशी ओट्यावर ठेवली. "अस्सल लवंगेचं तेल आहे. हे चोळलं का चार दिवस मटण हलत नाही."

मटण हलत नाही, हे त्यांच्या बायकोला, तुळसाबाईंना मान्यच होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की ते आजच शिजवावं आणि उद्या गरम करावं.

गोपाळराव इतवारीच्या बाजारात ओमप्रकाश शेटच्या दुकानात तेलं विकायचे. निलगिरी, पुदिना, ओवा, लवंग, गवती चहा. पंधरा वर्षांत त्यांची खात्रीच झाली होती, की जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एक बाटली असते. घरात पाऊल टाकलं की पाहुण्याला दवाखान्यात आल्यासारखं वाटे. परदेशात मांसाला ही तेलं लावून ठेवतात, असं शेटनं मासिकात वाचलं होतं. शेट स्वतः कांदासुद्धा खात नसत.

एका दुखण्यावर मात्र बाटली नव्हती. सहा वर्षांपूर्वी माय गेली, तेव्हा गोपाळरावांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लाकडं आणली, आल्यागेल्याला पाणी दिलं, सगळं केलं, पण कोरड्या डोळ्यांनी. तेरवीला थोरले भाऊ मारोतराव भरल्या पंगतीत म्हणाले, "मायच्या पोटी दगड आला." आणि मौद्याला आपल्या गावी गेले ते या घरी फिरकले नाहीत.

आता करीला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवायला येतो, असं त्यांनी आपणहून कळवलं होतं. श्रावण संपून गणपती बसेपर्यंतचे हे दोन-तीनच दिवस मटणाचे. गोपाळराव सकाळी सातलाच खाटकाकडे रांगेत उभे राहून दोन किलो मटण घेऊन आले. अकराला एस.टी.च्या कंडक्टरकडून चिठ्ठी आली. बैलाच्या पायाले लागलं, उद्या येतो. आणि उद्या खाटकाचं दुकान बंद.

"शिजवूनच ठेवा ना," तुळसाबाई पुन्हा म्हणाल्या.

"सहा वर्षांनी येऊन राहिला तो. त्याले शिळं वाढू?"

शेटनं चार थेंब सांगितले होते. गोपाळरावांनी भावाच्या मायेनं अर्धी बाटली ओतली.

दुसऱ्या दिवशी मटणाला वास नव्हता. म्हणजे मटणाचा नव्हता, दाताच्या डॉक्टरचा होता.

तुळसाबाईंनी एका व्रतापायी मांस सोडलं होतं. त्यामुळे मटण अंगणातल्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात, गोपाळरावच करायचे. त्या मसाला वाटून द्यायच्या आणि दूर बसायच्या. रस्सा उकळला. गोपाळरावांनी चाखला. पुन्हा चाखला. मग वाटी घेऊनच बसले.

"तिखट लागूनच नाही राहिलं."

"मूठभर भिवापुरी मिरची घातली तुम्ही."

"मंग मले काहून लागत नाही?"

शेजारचे नत्थूजी अशा वासाला न बोलावता येणारे गृहस्थ. त्यांनी अर्धी वाटी प्यायली. "पहिल्या घोटाले होतं गा थोडंसं," ते विचार करून म्हणाले. "मंग कुठं गेलं कोणास ठाऊक."

"काळजीनं माही जीभ मेली, समजलं," गोपाळराव म्हणाले. "पण तुमची काहून मेली?"

या प्रश्नावर थोडं थांबायला हवं होतं. थांबायच्या ऐवजी त्यांनी दुसरी मूठ टाकली, मग तिसरी. दूर बसलेल्या तुळसाबाईंना शिंकांवर शिंका आल्या. "अहो, पुरे करा," त्या दोनदा म्हणाल्या. पण त्या हळू म्हणाल्या, आणि रस्सा मोठ्यानं उकळत होता.

मारोतराव बाराला आले. ते भासरे, म्हणजे थोरले दीर, म्हणून तुळसाबाई डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभ्या राहिल्या. नत्थूजी धरून तिघे पाटावर बसले. पहिल्या घासाला मारोतरावांच्या भुवया वर चढल्या, तिसऱ्या घासाला खाली आल्या. मग त्यांनी मागून मागून रस्सा घेतला.

जिभेला काहीच कळत नव्हतं. नाकाला, कानांना आणि डोळ्यांना मात्र सगळं कळलं.

मारोतरावांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. त्यांनी समोर पाहिलं. गोपाळरावांच्या गालांवरून पाणी ओघळून मिशीत उतरत होतं.

"गोपाळ," ते म्हणाले, आणि त्यांचेही डोळे वाहू लागले. तोंडात तिखटाचा मागमूस नाही, तेव्हा हे पाणी काळजातलंच. "मायची आठवण आली गा?"

गोपाळरावांनी सांगायला तोंड उघडलं. ओठ लोंबले, शब्द काही आला नाही.

"बोलू नको. सहा वर्षं वाट पाह्यली मी याची."

उष्ट्या हातांनी दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. नत्थूजी तर हुंदके देत होते. ते मोहल्ल्यात राहायला येऊन दोनच वर्षं झाली होती. मायला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

"शेजारी देवमाणूस आहे तुहा," मारोतराव म्हणाले आणि तीनच्या एस.टी.नं गेले.

चारला लवंगेचा अंमल उतरला आणि गोपाळरावांची जीभ जागी झाली. त्यांनी घरातलं ताक संपवलं, दही संपवलं, गूळ संपवला आणि मग डोक्याला हात लावून ओट्यावर बसले.

"त्याले वाटलं, मी रडलो," ते म्हणाले. "सांगाच लागन."

"सांगा."

"मंग तो पुन्हा नाही येणार."

तुळसाबाईंनी देवापाशी दिवा लावला.

ऋषिपंचमीला मौद्याहून कार्ड आलं. गोपाळराव मोठ्यानं वाचू लागले. "चि. गोपाळ यास अनेक आशीर्वाद. गाव येईपर्यंत डोळे थांबले नाहीत. तेव्हापासून पोटात आग पडून आहे. डॉक्टर म्हणतो, तिखट बाधलं. तिखट तर तू घातलंच नव्हतं. डॉक्टरला काय समजते. मायचं दुःख आहे. सहा वर्षं आत होतं, ते आता..."

पुढचं त्यांना वाचता आलं नाही. कार्ड ठेवून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत राहिले. चुलीवर ऋषीची भाजी होती. तिच्यात मिरचीचा कणसुद्धा नव्हता.

उत्तर तुळसाबाईंनीच लिहिलं. भासऱ्यांशी तोंडानं बोलायची रीत नव्हती, कार्डावर चालत होतं. थंड दूध घ्यावं, भातावर तूप घ्यावं. एवढं लिहून झाल्यावर, खरं काय झालं ते लिहायला खाली चांगली चार बोटं जागा उरली. देवाचं नाव घेऊन त्यांनी त्या जागेत महालक्ष्म्यांच्या जेवणाचं निमंत्रण लिहिलं, आणि कडेला बारीक अक्षरात, स्वयंपाक माझा आहे.